कॅरियर एका बाजूला कलतं? सळईचे दोन्ही हात सारखे का येत नाहीत ते कसं शोधावं

सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव आटोपला की बरेच जण बाईकच्या मागे टब बांधून गावात विकायला निघतात. चौके, कट्टा, कोणी पुढे कसालपर्यंत. टबात मासे, माशांवर बर्फ, बर्फावर गोणपाट. अशाच एका दादाला मी त्याच्या १०० सीसीच्या गाडीसाठी १० मिमी सळईचं कॅरियर बनवून दिलं होतं. चौथ्या दिवशी दादा दारात हजर. "मेल्या, टबातलां पाणी एकाच बाजूक कसां जमतां?"

मी आधी गाडीच्या स्टँडला दोष दिला, मग टायरच्या हवेला. शेवटी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली आणि गवंडी वापरतात तो पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाइप कॅरियरच्या दोन्ही हातांवर, म्हणजे बाजूच्या सळयांवर धरला. डावा हात उजव्यापेक्षा ११ मिमी खाली. कॅरियरची रुंदी जेमतेम २४० मिमी, म्हणजे अडीच अंशांच्या वर कल. डोळ्याला तो दिसत नव्हता, बर्फाच्या पाण्याला दिसला.

तेव्हा मी जे केलं ते करू नका. कॅरियर गाडीवर बसवलेलं असतानाच डाव्या हातात लांब पाइप अडकवला आणि उचलून सरळ केलं. पाणी मधोमध आलं, दादा खूश. दोन महिन्यांनी बोल्टच्या कानाजवळ (कान म्हणजे बोल्टचं भोक असलेली पट्टी) वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर दिसली. ताण देऊन बसवलेली सळई तो ताण चोवीस तास अंगावर बाळगत असते. त्यात आमच्या पाखाडीवजा रस्त्यांचे दणके आणि इंजिनाची थरथर रोज हजारो वेळा. चीर पडणारच, आणि ती वेल्डच्या कडेलाच पडणार.

त्याआधीची दोन कॅरियरसुद्धा थोडी कललेलीच निघाली होती, फक्त त्यांवर पाणी नव्हतं म्हणून बोभाटा झाला नाही. तीनदा तीच चूक म्हटल्यावर सगळं थांबवून कारण शोधायला बसलो. निघालं असं की "वाकडं" या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळे दोष लपलेले असतात. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू होत नाही, उलट भर घालतो.

आधी लादीवर ठेवा, मग बोला

वेल्डिंग करण्याआधी प्रत्येक वाकवलेला तुकडा सपाट जागेवर ठेवून बघायचा. वर्कशॉपचं टेबल सपाट आहे असं आपण मानतो, पण घण खाऊन खाऊन त्याची परात झालेली असते. मी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा वापरतो, साधारण दोन फूट बाय दीड फूट. फरशीवाल्याकडे असे तुकडे पडून असतात.

तुकडा लादीवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. समोरचा कोपरा उचलला आणि टकटक आवाज आला तर पीळ आहे. टकटक नाही, पण गुण्या लावल्यावर दोन बेंडांचे कोन वेगळे निघाले, तर सळई मागे येण्याचा, म्हणजे वाकवून सोडल्यावर थोडी परत उघडण्याचा घोळ आहे. कोन बरोबर, पीळ नाही, तरी एक हात लांब असेल तर खुणा चुकल्यात. आणि तिन्ही ठीक असून कॅरियर वेल्डिंगनंतर वाकडं झालं असेल तर बेंडरला (सळई वाकवायच्या यंत्राला) शिव्या देऊन उपयोग नाही, दोष वेल्डिंगच्या क्रमात आहे.

माझ्या त्या कॅरियरमध्ये यातले दोन होते.

एक हात लांब, एक आखूड

समजा यू आकाराची चौकट हवी आहे. मागची आडवी बाजू बाहेरून बाहेर २४० मिमी, दोन्ही हात बाहेरून ३०० मिमी. नवखा माणूस ३०० अधिक २४० अधिक ३०० अशी बेरीज करून ८४० मिमी कापतो, एका टोकापासून ३०० वर पहिली खूण, पुढे २४० वर दुसरी, आणि बेंड मारायला घेतो. शेवटचा हात हमखास लांब येतो.

कारण कोपरा टोकदार नसतो. सळई गोलाईने वळते आणि गोलाईची वाट कोपऱ्याच्या वाटेपेक्षा जवळची. १० मिमीची सळई २० मिमी आतल्या त्रिज्येच्या डायवर (बेंडरच्या ज्या गोल भागाभोवती सळई वळते त्यावर) वाकवली तर तिची मध्यरेषा २५ मिमी त्रिज्येवर जाते. काटकोनात या मध्यरेषेची लांबी साधारण ३९ मिमी. कोपरा टोकदार धरला असता तर बाहेरून ३० अधिक ३० म्हणजे ६० मिमी लागले असते. म्हणून प्रत्येक काटकोनी बेंडमागे बेरजेतून जवळपास २१ मिमी वजा करायचे. दोन बेंड म्हणजे ४२, आणि सळई कापायची ८४० ऐवजी ७९८ ते ८०० मिमी.

एका टोकापासून खुणा करत गेलात तर सगळी चूक साचत साचत शेवटच्या हाताच्या पदरात पडते. म्हणून सुरुवात मध्यापासून करा. सळईचा मध्य काढा, दोन्ही बाजूंना ९० मिमी मोजा, तिथून बेंड सुरू होईल. (२४० मधून दोन्हीकडचे ३० मिमी गेले, उरले १८०, त्याचे अर्धे ९०.) आता चुकलंच तरी दोन्ही हात सारखेच चुकतील आणि टोकं कापून मोकळे व्हाल.

एक बारीक गोष्ट. खूण डायच्या नेमक्या कुठल्या जागी आली म्हणजे बेंड खुणेवर सुरू होतो, हे प्रत्येक बेंडरचं वेगळं असतं. हे विचारून कळत नाही. ३०० मिमीचा तुकडा घ्या, मधोमध खूण करा, ती डायच्या मध्याला लावून काटकोन मारा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. एक बाजू १५० पेक्षा किती कमी-जास्त आली ते डायवरच पक्क्या मार्करने लिहून ठेवा. माझ्या बेंडरवर हे तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे आणि अजूनही मी दर वेळी वाचतो.

आणि हो, कानाकडे जाणारे जे हात दोन दिशांना वळतात ते डावे-उजवे असतात, चपलेसारखे. मी एकदा मोठ्या अभिमानाने अगदी तंतोतंत जुळणारे दोन हात बनवले होते. दोन्ही डावे.

लादीवर टकटक: पीळ

पीळ बेंड मारताना येतोच असं नाही, दोन बेंडांच्या मधल्या वेळात येतो. पहिला बेंड झाला, सळई सोडली, पुढे सरकवली, परत आवळली. तेवढ्यात ती स्वतःभोवती दोन अंश फिरली. गोल सळईला वर-खाली काही नसतं, त्यामुळे फिरलेलं कळत नाही. चौकोनी बार वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.

इलाज सोपा आहे, आळस मात्र फार येतो. सळई अँगलच्या खाचेत आडवी ठेवायची आणि अँगलच्या काठावर मार्कर टेकवून सळईच्या पूर्ण लांबीवर एक सरळ रेघ ओढायची. प्रत्येक बेंडच्या वेळी ही रेघ बरोबर वर आहे ना बघायचं. खडूची रेघ नको, हात लागून पुसते.

दुसरा उपाय म्हणजे आधी झालेल्या हातावरच लेव्हल ठेवणं. पहिला हात आडवा धरून त्यावर स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्ये आणायचा आणि मग दुसरा बेंड. मात्र यासाठी बेंडर स्वतः लेव्हलमध्ये बसवलेला हवा. माझा नव्हता. टेबलाचा एक पाय जमिनीच्या उताराने खाली होता आणि मी महिनाभर पीळ शोधत होतो सळईत.

पीळ आलाच तर एक टोक वाइसमध्ये आवळून दुसऱ्या टोकाला पाना लावून पिळून काढता येतो, पण फक्त सरळ भागातून. बेंडमधून पीळ काढायला गेलात तर कोनही बदलतो. आडवी बाजू वाइसमध्ये, तीही तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीत धरून. उघड्या जबड्याचे दात सळईवर उमटले की तिथे पुढे गंजाला घर मिळतं.

कोन वेगवेगळे: सळई मागे का येते

खरा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पोलाद वाकवलं की त्यातला काही भाग कायमचा वाकतो आणि काही भाग रबरासारखा नुसता ताणलेला असतो. हात सोडला की ताणलेला भाग परत येतो. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात, आमच्याकडे नुसतं "सळई मागे आली" म्हणतात. किती मागे येईल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. सळई किती कडक आहे, किती जाड आहे आणि गोलाई किती मोठी आहे.

तिसरी गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. आपल्याला वाटतं, घट्ट बेंडला जोर जास्त लागतो म्हणजे तो जास्त मागे येईल. उलट आहे. घट्ट बेंडमध्ये जवळजवळ सगळं पोलाद कायमचं वाकलेलं असतं, म्हणून तो जागच्या जागी राहतो. मोठ्या, सावकाश गोलाईत बराचसा वाक रबरी असतो.

१० मिमीच्या साध्या माइल्ड स्टीलच्या सळईसाठी एक ढोबळ हिशोब सांगतो. मध्यरेषेची त्रिज्या मिमीमध्ये घ्या, ०.०४ ने गुणा, येईल तेवढे टक्के कोन परत उघडतो. २५ मिमी त्रिज्येला एक टक्का, म्हणजे काटकोनात जेमतेम एक अंश. ३०० मिमी त्रिज्येची शेपटाकडची ऐसपैस कमान केलीत तर बारा टक्के, म्हणजे ९० वर नेलेली कमान ७९ वर येऊन थांबेल. म्हणून कोपऱ्याचे बेंड जुळतात आणि मागची सुंदर कमान मात्र प्रत्येक वेळी वेगळी येते. कमानीसाठी डाय मुळातच लहान त्रिज्येचा घ्यावा लागतो. ३०० ची कमान हवी तर डायची मध्यरेषा २६५ च्या आसपास.

हिशोबात घट्ट बेंडला एक अंश निघतो, पण हाताच्या बेंडरवर प्रत्यक्षात तीन-साडेतीन अंश मागे येतात. कारण डाय आणि सळई दाबणारा रोलर यांच्यामधला सरळ भागही जोर पडताना धनुष्यासारखा वाकलेला असतो, तोही सुटतो. रोलर डायच्या जितका जवळ तितकं हे कमी. सळईत लांब पाइप घालून वाकवणाऱ्यांनी तर पाइपचं तोंड बेंडच्या अगदी जवळ आणावं. पाइप हातभर लांब राहिला तर बेंड खुणेवर न होता पसरतो आणि कोपऱ्याऐवजी केळं तयार होतं.

आता डावा-उजवा फरक का? माझ्या बाबतीत उत्तर भंगाराच्या ढिगात होतं. एक हात मी कुडाळहून आणलेल्या नव्या सहा मीटरच्या सळईतून कापला होता आणि दुसरा कोपऱ्यात पडलेल्या चकचकीत सळईतून. जाडी दोन्हींची दहाच. पण चकचकीत सळई थंड, म्हणजे न तापवता साच्यातून ओढून काढलेली होती. ओढताना पोलाद कडक होतं, मग ते साध्या सळईपेक्षा बरंच जास्त मागे येतं. बेंडरचा दांडा दोन्ही वेळा त्याच खुणेपर्यंत नेला, म्हणून मी निर्धास्त होतो. दांडा खुणेवर होता, सळई नव्हती.

तेव्हापासून नियम एकच. एका कॅरियरचे दोन्ही हात एकाच सळईतून, शेजारशेजारचे तुकडे. आणि त्याच सळईचा वीतभर तुकडा आधी चाचणीला. तो ९० वर नेऊन सोडायचा, गुण्या लावायचा. ८७ आला तर बेंडरची ठोकर (दांडा अडवणारा थांबा) ९३ वर. मग एकाचा पहिला बेंड, लगेच दुसऱ्याचा पहिला बेंड, मग दोघांचे दुसरे. एक हात पूर्ण करून मग दुसरा घेतलात तर मध्ये चहा येतो, फोन येतो आणि ठोकर कोणीतरी हलवतं.

कोन कमी पडला तर परत बेंडरमध्ये घालून अंश-दोन अंश वाढवता येतो. जास्त झाला तर मात्र गंमत नाही. उघडायला गेलात की बेंड जागचा हलत नाही, कारण तिथलं पोलाद वाकून कडक झालेलं असतं. शेजारचा मऊ सरळ भागच उलटा वाकतो आणि सळईला बाक येतो. म्हणून नेहमी कमी वाकवा, मग वाढवा.

बांधकामावरची उरलेली टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून पुष्कळ जण तिचं कॅरियर करायला सांगतात. सध्या घरांना वापरतात ती बहुतेक एफई ५०० प्रतीची असते. तिची वाकायला लागण्याची ताकद किमान ५०० मेगापास्कल, साध्या माइल्ड स्टीलची २५० च्या आसपास. म्हणजे दुप्पट मागे येणार. शिवाय तिच्या अंगावरच्या कण्या (उठावदार रेषा) खारं पाणी धरून ठेवतात आणि बेंडच्या पाठीवर प्रत्येक कणीचं मूळ म्हणजे चिरेची तयार जागा. स्लॅबमध्ये ती सोनं आहे. गाडीच्या मागे नको.

आणि पाइप का नाही, हे विचारणारेही असतात. बरोबर विचारतात. १६ मिमी बाहेरचा व्यास आणि १.६ मिमी जाडीचा पाइप १० मिमीच्या सळईपेक्षा मीटरमागे थोडा हलका असून वाकायला जवळपास चौपट ताठ असतो. (सळईचं वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असावं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १० मिमीला मीटरमागे ०.६१७ किलो.) पण पाइप साध्या बेंडरवर चेपतो. वाळू भरून वाकवायचा तर वाळू कढईत भाजून खडखडीत कोरडी हवी. किनाऱ्यावरची ओलसर वाळू भरून, दोन्ही टोकं बंद करून गरम केलात तर वाफेने टोक उडून कोणाच्या तरी तोंडावर येईल. आणि आमच्या हवेत पाइप आतून गंजतो, जे बाहेरून कळतच नाही. म्हणून टबवाल्यांना मी सळईच देतो.

तापवून वाकवावं का?

१२ मिमीच्या वर किंवा फार घट्ट बेंड असेल तर हो. लाल तापवलेली सळई मागे येत नाही म्हटलं तरी चालेल. पण मग डावा-उजवा सारखा येण्याची हमी आणखी कमी होते, कारण सळई सर्वांत जास्त तापलेल्या जागी वाकते, तुमच्या खुणेवर नव्हे. एकदा इंचभर तापली, एकदा दोन इंच, की दोन वेगळ्या गोलाया तयार. तापवायचंच तर दोन्ही बाजूंना खडूच्या खुणा करून तेवढाच भाग लाल करा आणि डायवरच वाकवा, नुसत्या वाइसमध्ये नको.

आमच्या गावचे लोहार करवंटीच्या कोळशावर काम करायचे. भाता मारला की झकास ताव येतो. त्यांच्याकडून एक शिकलो. लाली गेली की घण थांबवायचा. सळई लाल नाही पण हात लावण्याइतकी थंडही नाही, अशा मधल्या तापमानात, साधारण २०० ते ४०० अंशांत, पोलाद उलट ठिसूळ वागतं. घासलेल्या जागी निळसर झाक येते ती याच पट्ट्यात. तेव्हा हातोडी मारली तर चीर जाते. परत लाल करा किंवा पूर्ण थंड होऊ द्या.

थंड म्हणजे आपोआप थंड, पाण्याच्या बादलीत नाही. साध्या सळईला पाण्याने फारसं काही होत नाही, पण भंगारातली सळई साधीच आहे हे कोणी सांगितलं? शाफ्टचं पोलाद असेल तर लाल करून पाण्यात बुडवल्यावर काचेसारखं होतं. माझ्या हातून असा एक हात कान वेल्ड करताना टेबलावरून पडला आणि बेंडमध्ये दोन तुकडे झाले. गाडीवर बसायच्या आधी तुटला हे नशीब. जस्त चढवलेली सळई तर तापवूच नका, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

बेंडच्या पाठीवर चिरा

दहाची सळई २० मिमी आतल्या त्रिज्येवर वाकवली की पाठीकडची बाजू साधारण वीस टक्के ताणली जाते. चांगलं माइल्ड स्टील हे सोसतं, पण त्याच्या पलीकडे फार वाव नाही. त्या ताणलेल्या पाठीवर आधीच ग्राइंडरचा आडवा ओरखडा असेल, सेंटर पंचचा ठिपका असेल किंवा वेल्डिंगचा थेंब उडालेला असेल तर तिथून उकलतं. खुणा पंचाने करायची सवय असेल तर ठिपका पोटाच्या बाजूला येईल असा मारा. मी तर मार्करच वापरतो. डाय बदलून आतली त्रिज्या ३० केली तर ताण चौदा टक्क्यांवर येतो, दिसायलाही बरं दिसतं.

चीर दिसलीच तर वर वेल्डिंग भरून ग्राइंडरने गुळगुळीत करू नका. तुकडा टाकून द्या. पाऊण मीटर सळईची किंमत किती!

लादीवर जुळलं, वेल्डिंगनंतर बिघडलं

वेल्ड थंड होताना आकसतो आणि आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूचे सगळे सांधे एका दमात भरले तर कॅरियर त्या बाजूला झुकणारच. आधी सगळीकडे वेल्डिंगचे छोटे टाके मारा, लादीवर तपासा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा.

माप गाडीवरून घ्या, वेल्डिंग गाडीवर नको. टाकी पेट्रोलची, वायरिंग नाजूक. मी अँगलचे दोन तुकडे जोडून गाडीच्या बोल्टांच्या भोकांचा सांगाडा करतो, कॅरियरचे कान त्यावर बोल्टने आवळतो आणि तिथेच टाके मारतो. नंतर बोल्ट सैल केल्यावर कान जागचे उसळले तर ताण राहिलाय असं समजायचं. ८ मिमी बोल्टसाठी भोक ९ मिमीचं पुरे. फार तर दोन-तीन मिमी लांबट करा. वाकडेपणा झाकायला भोक कानसत बसलात तर मुळात काय चुकलं ते कधीच कळणार नाही.

आकार घेण्यासाठी कागदापेक्षा कुंपणाची तीन मिमी जाड तार उपयोगी. तार सीटखालून, इंडिकेटरला वळसा घालून हाताने वळवा आणि तीच लादीवर ठेवून सळई तिच्याशी जुळवा. दादाच्या गाडीला माझं टेपचं माप तीनदा चुकलं, तारेचं एकदाही नाही.

पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड सादळतात. सादळलेला रॉड फटफट उडतो आणि सांध्यात बारीक भोकं ठेवतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, काम करायच्या आधी शेकून घ्या.

रंग बेंडवरूनच का सुटतो

नव्या काळ्या सळईवर कारखान्यातून येणारी एक निळसर-काळी पापडी असते. सरळ भागावर ती घट्ट बसते, बेंडच्या पाठीवर मात्र वाकवतानाच तडकते. आपण तिच्यावरच प्रायमर मारतो. वर रंग छान चमकतो, आत पापडी सुटलेली. खाऱ्या हवेत ओल आत शिरली की पापडी आणि उघडं पोलाद यांच्यामध्ये बॅटरीच्या सेलसारखा प्रकार सुरू होतो आणि उघड्या फटीतलं पोलाद झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून निदान बेंड तरी ग्राइंडरच्या वायर ब्रशने पांढरेशुभ्र करा आणि त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात प्रायमर. जून-जुलैत उघडी सळई रात्रभर ठेवली तर सकाळी केशरी झालेली असते.

दादाचं कॅरियर मी पूर्ण नवीन करून दिलं. एकाच सळईतले हात, रेघ ओढलेली, सांगाड्यावर आवळून वेल्ड केलेलं. लेव्हल पाइपने मोजलं तेव्हा फरक एक मिमीच्या आत होता. पावसाळ्यानंतर तो वाटेत भेटला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, टबातलं पाणी आता कुठे जमतं?

"पाणी रवतां खंय! टबाक भोक पाडलंय मी."

खाली वाकून पाहिलं. ते भोक बरोबर डाव्या बेंडच्या वर होतं. दिवसभर माशांचं खारं पाणी थेंबथेंब त्या पाठीवर पडत होतं आणि नेमका तेवढाच रंग उडाला होता. तिथेच बेंड घासून परत प्रायमर मारला, जुन्या लेव्हल पाइपचा हातभर तुकडा भोकाला जोडला आणि टायर-ब्रेकपासून लांब, नंबरप्लेटच्या मागून खाली सोडून दिला.